ट्राम आणि चुंबकसूचि

वस्तूला हात लावल्यावांचून ती हलत नाहीं, हा मनुष्याचा रोजचा अनुभव. तथापि निसर्गांतील तीन प्रेरणा अशा आहेत कीं, त्यांना स्पर्शाची गरज लागत नाहीं. झाडावरून सुटलेला नारळ जमिनीवरच येतो, आणि अपोलो बंदराचें पाणी दिवसांतून दोनदां चढतें व उतरतें. हा गुरुत्वाकर्षणाचा प्रभाव. कोरड्या केसांतून फिरविलेली फणी कागदाचे कपटे उचलते, ही विद्युत्प्रेरणा. होकायंत्राचा कांटा उत्तरेकडे तोंड करून राहतो, ही चुंबकप्रेरणा. गुरुत्वाकर्षण केवळ ओढतें. वीज व चुंबक ओढतात आणि लोटतातहि. शिवाय या दोघांचें नातें फार जवळचें आहे. १८२० सालीं कोपनहेगन येथें अर्स्टेड यांना असें आढळलें कीं, तारेंतून वीज वाहूं लागतांच जवळची चुंबकसूचि आपली दिशा सोडून वळते. पुस्तकांत वाचतांना हा शोध अगदीं निरुपद्रवी वाटतो. परंतु याच नात्यामुळें विसाव्या शतकाच्या आरंभीं मुंबईच्या एका शास्त्रीय संस्थेवर स्थलांतराचा प्रसंग आला.

ती संस्था म्हणजे कुलाब्याची वेधशाळा. ईस्ट इंडिया कंपनीनें १८२६ सालीं तिची स्थापना केली. पृथ्वी हीच एक प्रचंड लोहचुंबक आहे, हें विल्यम गिल्बर्ट यांनीं १६०० सालींच प्रतिपादिलें होतें. पण या चुंबकाचें बळ स्थिर नसतें, तें दिवसाच्या प्रहरांबरोबर व वर्षांबरोबर किंचित् बदलत असतें. हा बदल कां होतो हें समजण्यासाठीं पृथ्वीवर ठिकठिकाणीं एकाच वेळीं वेध घेतले पाहिजेत, असा आग्रह जर्मनींतील गाउस व वेबर यांनीं धरला. १८४१ सालीं एल्फिन्स्टन विद्यालयाचे प्राध्यापक ऑर्लेबार यांच्या देखरेखीखालीं कुलाब्यास चुंबकीय वेध सुरू झाले. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांनीं कांहीं काळ या वेधशाळेचा कारभार पाहिला. पुढें गणिती म्हणून नांवाजलेले केरो लक्ष्मण छत्रे यांनींहि ऐन तारुण्यांत येथेंच उमेदवारी केली. १८४६ पासून वेधांची मालिका नियमित झाली. टांगलेल्या चुंबकाची सूक्ष्म हालचाल मोजपट्टीवर वाचावयाची आणि आंकडा वहींत मांडावयाचा, असें तें काम. तें रात्रीं थांबत नसे, पावसाळ्यांतहि थांबत नसे.

अशा नीरस दिसणाऱ्या कामाचें मोल एकदम एखाद्या दिवशीं कळतें. १ सप्टेंबर १८५९ रोजीं इंग्लंडांत रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्यावरील डागांच्या समूहांत एक प्रखर झळाळी दिसली. एक दिवसहि पुरता लोटला नाहीं तोंच पृथ्वीवर चुंबकीय वादळ उठलें. युरोप-अमेरिकेंतील तारायंत्रें बिघडलीं, आणि कांहीं ठिकाणीं तर विद्युद्घट काढून घेतल्यावरहि संदेश जाऊं लागले. कुलाब्याच्या निरीक्षकांनीं नेहमींची तासातासाची नोंद सोडून थोड्याथोड्या मिनिटांच्या अंतरानें आंकडे टिपले. पृथ्वीच्या चुंबकबलाचा क्षितिजसमांतर भाग शंभरांत सुमारें चार अंशांनीं खालीं आला होता. धृवांजवळच्या वेधशाळांत अशा वेळीं वातावरणांतील विद्युत्प्रवाहांचा गोंधळ माजतो. मुंबई विषुववृत्ताकडे असल्यामुळें येथील नोंद स्वच्छ उतरली.

नव्या शतकाबरोबर मुंबईंत विजेचा प्रश्न पुढें आला. १८७४ पासून शहरांत घोड्यांची ट्राम चालत होती; तिचा चुंबकसूचीस कांहींच उपद्रव नव्हता. विजेच्या ट्रामचें तसें नव्हे. तिचा प्रवाह वरच्या तारेंतून गाडींत येतो आणि रुळांवाटे माघारीं जातो. रुळांतून बराचसा भाग जमिनींत झिरपतो. गाडी सुटली, थांबली, चढणीस लागली कीं हा प्रवाह कमीजास्त होतो, आणि अर्स्टेडच्या नियमाप्रमाणें चुंबकसूचि प्रत्येक वेळीं डोलूं लागते. मग वहींतील आंकडा पृथ्वीचा कोणता आणि ट्रामचा कोणता, हें कोणीं सांगावें?

त्या वेळीं वेधशाळेचे प्रमुख होते डॉ. नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस. हें पद भूषविणारे ते पहिले भारतीय संचालक. शहराला ट्राम नाकारावी असें कोणी म्हणणें शक्य नव्हतें, आणि जवळजवळ साठ वर्षांची मालिका तुटूं देणें हेंहि योग्य नव्हतें. मार्ग एकच उरला. वेधशाळेनें विजेपासून दूर जावें. अलिबाग ही जागा पसंत पडली. मुंबईच्या कुलाब्याहून ती सरळ रेषेनें सुमारें तीस किलोमीटर. गंमत अशी कीं, अलिबाग हें तेव्हांच्या कुलाबा जिल्ह्याचें मुख्य ठाणें होतें. म्हणजे एका कुलाब्याचें काम दुसऱ्या कुलाब्यास गेलें. तेथील इमारत पोरबंदरी दगडाची बांधिली आणि तींत लोखंड येऊं दिलें नाहीं, कारण एखादा खिळाहि तेथें साक्ष बिघडविणारा ठरला असता.

परंतु मूस यांची खरी दूरदृष्टि बांधकामांत नव्हे, वेळापत्रकांत दिसते. दोन ठिकाणांचें चुंबकबल मुळांतच भिन्न असतें. एके दिवशीं कुलाब्यास वेध बंद करून दुसऱ्या दिवशीं अलिबागेस सुरू केले असते, तर आंकड्यांत पडलेला फरक जागेचा कीं काळाचा, हें कधींच उलगडलें नसतें. म्हणून १९०४ पासून १९०६ पर्यंत दोन्हीं ठिकाणीं एकाच वेळीं वेध घेण्यांत आले. त्यांतून दोहोंमधील अंतर निश्चित झालें आणि जुनी मालिका नव्या मालिकेस सांधतां आली. त्यानंतरच कुलाब्याचे चुंबकीय वेध थांबले. ७ मे १९०७ रोजीं मुंबईंत विजेची पहिली ट्राम धांवली. १८४६ ते १९०५ या काळांतील नोंदींचें विवेचन मूस यांनीं १९१० सालीं दोन भागांत प्रसिद्ध केलें.

पुढें कालचक्र फिरलें. १९६४ सालीं मुंबईची ट्राम बंद झाली. अलिबागचे वेध मात्र चालूच राहिले, आणि आज ते भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या हातीं आहेत. २००३ सालीं भारतीय व परदेशी शास्त्रज्ञांनीं १८५९ च्या वादळाचा नव्यानें हिशेब मांडला, तेव्हां त्यांना आधार मिळाला तो कुलाब्याच्या त्या हस्तलिखित आंकड्यांचा. तसें वादळ पुन्हां आल्यास विजेचीं जाळीं व कृत्रिम उपग्रह यांची काय गति होईल, हें त्यावरून अजमावतां येतें. ज्यांनीं ते आंकडे लिहिले, त्यांना उपग्रह ठाऊक नव्हते. नोंद चुकवावयाची नाहीं, एवढेंच त्यांना ठाऊक होतें. आणि विज्ञानाच्या कार्यास तेवढें पुरलें.