व्यक्तिचित्रणासाठी प्राइम लेन्स निवडताना

घरात बारसे असो, साखरपुडा असो वा आजोबांचा पंचाहत्तरीचा सोहळा, हौसेने घेतलेला डिजिटल एसएलआर किंवा मिररलेस कॅमेरा अशा दिवशी हमखास बाहेर निघतो. रात्री मात्र संगणकावर छायाचित्रे पाहताना हिरमोड होतो. ट्यूबलाइटच्या उजेडात टिपलेला चेहरा हललेला, फ्लॅश वापरला तेथे पांढराफटक, आणि मागच्या भिंतीवरील कॅलेंडर चेहऱ्याइतकेच ठळक! कॅमेराच बदलावा, असे येथेच मनात येऊ लागते. प्रत्यक्षात दोष बहुधा कॅमेऱ्याचा नसतो, तर त्याच्यासोबत मिळालेल्या झूम लेन्सच्या मर्यादेचा असतो. ही मर्यादा नव्या कॅमेऱ्याच्या तुलनेत अगदी थोडक्या खर्चात ओलांडता येते. त्यासाठीचा मार्ग म्हणजे साधी, स्वस्त प्राइम लेन्स.

ज्या लेन्सचे नाभीय अंतर, म्हणजेच फोकल लेंग्थ, कायम एकच राहते तिला प्राइम लेन्स म्हणतात. तिच्यात झूम नसतो. चौकट लहान-मोठी करायची तर छायाचित्रकारालाच पुढे-मागे व्हावे लागते. ही गैरसोय पत्करण्याच्या बदल्यात मोठे छिद्र, कमी वजन आणि त्या किमतीच्या झूमपेक्षा सहसा अधिक सुस्पष्ट चित्र पदरात पडते.

प्रकाशाचे गणित

कॅमेऱ्यासोबत सहसा १८-५५ मि.मी.ची झूम लेन्स मिळते. ५५ मि.मी.वर तिचे छिद्र, म्हणजेच अॅपर्चर, बहुधा एफ/५.६ पेक्षा मोठे होत नाही. हा आकडा नाभीय अंतर आणि छिद्राचा व्यास यांचे गुणोत्तर दाखवतो. म्हणूनच आकडा लहान तेवढे छिद्र मोठे. ५० मि.मी.च्या लेन्समध्ये एफ/५.६ला छिद्र सुमारे ९ मि.मी.चे, तर एफ/१.८ला सुमारे २८ मि.मी.चे होते. आत येणारा प्रकाश त्यामुळे नऊपटीहून अधिक वाढतो.

याचा व्यवहारातील अर्थ महत्त्वाचा आहे. दिवाणखान्यातील ज्या उजेडात झूम लेन्सला १/१५ सेकंद लागतो, तेथे प्राइम लेन्स एफ/२ला १/१२५ सेकंदात काम भागवते. म्हातारे माणूस बोलता बोलता हसले किंवा बाळाने मान वळवली, तरी चेहरा हलत नाही. शिवाय छिद्र मोठे असल्याने पार्श्वभूमी धूसर होते आणि नजर चेहऱ्यावरच राहते.

व्यक्तिचित्रण आणि मोठे छिद्र यांचे नाते छायाचित्रणाइतकेच जुने आहे. १८३९ मध्ये डागेरोटाइप पद्धत जाहीर झाली, तेव्हा माणसाला कॅमेऱ्यापुढे बराच वेळ निश्चल बसावे लागे. १८४० मध्ये व्हिएन्नातील गणिताचे प्राध्यापक जोसेफ पेट्झव्हाल यांनी खास व्यक्तिचित्रांसाठी मोठ्या छिद्राची लेन्स आखली. तिने हा वेळ कितीतरी कमी केला आणि चेहऱ्याचे छायाचित्र व्यवहार्य झाले.

किती मि.मी.ची घ्यावी?

३५ मि.मी. फिल्मच्या आकाराचा सेन्सर, म्हणजे फुल फ्रेम, असेल तर व्यक्तिचित्रणासाठी ८५ ते १०५ मि.मी. हे नाभीय अंतर पूर्वापार योग्य मानले जाते. याचे कारण लेन्सपेक्षा अंतरात आहे. अगदी जवळून फोटो काढला की नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात. दीड-दोन मीटरवरून काढला तर चेहऱ्याची ठेवण स्वाभाविक राहते. त्या अंतरावरून चेहरा व खांदे चौकटीत भरतील अशी लेन्स हवी, एवढेच हे गणित.

बहुसंख्य हौशी कॅमेऱ्यांचा सेन्सर मात्र याहून लहान, एपीएस-सी आकाराचा असतो. त्यामुळे लेन्सचे दृश्य आकुंचित होते. निकॉन, सोनी व फुजीफिल्म कॅमेऱ्यांसाठी नाभीय अंतराला १.५ने आणि कॅननसाठी १.६ने गुणावे. म्हणजे ५० मि.मी.ची लेन्स अनुक्रमे ७५ व ८० मि.मी.सारखी वागते. मायक्रो फोर थर्ड्स प्रकारात हा गुणक २ आहे. तेथे ऑलिंपसची २०११ मध्ये आलेली ४५ मि.मी. एफ/१.८ लेन्स ९० मि.मी.चे काम करते.

शहरातील घरांचा आकारही येथे विचारात घ्यायला हवा. एपीएस-सी कॅमेरा उभा धरला तर ५० मि.मी.च्या लेन्समध्ये दोन मीटरवरून डोक्यापासून कमरेपर्यंतचा भाग मावतो. तेवढेच दृश्य ८५ मि.मी.मध्ये मावण्यासाठी जवळपास साडेतीन मीटर मागे जावे लागते. दहा बाय बाराच्या खोलीत तेवढी जागाच उरत नाही! अशा घरात ५० मि.मी. हाच व्यवहार्य पर्याय ठरतो. पूर्णाकृती किंवा तिघाचौघांचे छायाचित्र हवे असल्यास ३५ मि.मी. अधिक सोयीची.

खरेदीपूर्वी एक बिनखर्ची चाचणी घेता येते. जवळच्या झूम लेन्सचे कडे ५० मि.मी.वर आणून चिकटपट्टीने पक्के करावे आणि आठवडाभर त्यावरच घरच्यांची छायाचित्रे काढावीत. जागा पुरते की नाही, याचे उत्तर आपोआप मिळते.

स्वस्त का असते?

५० मि.मी. एफ/१.८ची रचना बहुधा ‘डबल गॉस’ या जुन्या पद्धतीवर आधारलेली असते. झाइस कंपनीतील पॉल रुडॉल्फ यांनी १८९६ मध्ये आखलेली प्लानार लेन्स ही तिची पूर्वज. भिंगे मोजकी, बनवण्याची रीत सरावाची आणि खप मोठा, यामुळे किंमत आवाक्यात राहते.

छिद्र आणखी मोठे करू गेल्यास मात्र किंमत झपाट्याने चढते. कॅननच्या आरएफ मालिकेतील ५० मि.मी. एफ/१.२ लेन्स २०१८ मध्ये अमेरिकेत २२९९ डॉलरला आली. २०२० मध्ये आलेल्या एफ/१.८ची किंमत होती १९९ डॉलर. दोघींच्या प्रकाशातील फरक सव्वादोन पटींचा, तर किमतीतील अकरा पटींहून अधिक! घरगुती छायाचित्रणासाठी हा खर्च क्वचितच सार्थकी लागतो.

कोणत्या कॅमेऱ्याला कोणती?

प्रत्येक कंपनीचा माउंट, म्हणजे लेन्स बसवण्याची खाच, वेगळी असते. कॅननच्या एसएलआरसाठी २०१५ मध्ये आलेली ईएफ ५० मि.मी. एफ/१.८ एसटीएम ही योग्य निवड होय. १९९०च्या तिच्या पूर्वावतारात माउंट प्लास्टिकचा व छिद्राच्या पाकळ्या पाच होत्या; नवीत माउंट धातूचा आणि पाकळ्या सात आहेत. कॅननच्या आरएफ माउंटच्या मिररलेस कॅमेऱ्यांसाठी १६० ग्रॅम वजनाची आरएफ ५० मि.मी. एफ/१.८ उपलब्ध आहे. ईएफ लेन्सही अॅडॉप्टर लावून त्यांवर स्वयंचलित फोकससह चालते.

निकॉन घेणाऱ्यांची फसगत होते ती एका अक्षामुळे नव्हे, तर एका अक्षरामुळे. ‘५० मि.मी. एफ/१.८ डी’ या लेन्समध्ये फोकसची मोटार नाही. डी४०, डी३००० व डी५००० मालिकेतील कॅमेऱ्यांतही ती नसल्याने तेथे फोकस हातानेच करावा लागतो. या कॅमेऱ्यांसाठी २०११ मध्ये आलेली, नावात ‘एएफ-एस’ असलेली ‘जी’ लेन्स घ्यावी. निकॉनच्या झेड मिररलेस मालिकेत ४० मि.मी. एफ/२, तर सोनीच्या ई माउंटसाठी एफई ५० मि.मी. एफ/१.८ हे आटोपशीर पर्याय आहेत. फुल फ्रेम कॅमेरा आणि थोडा अधिक खर्च करण्याची तयारी असेल, तर ८५ मि.मी. एफ/१.८ अवश्य पाहावी.

उणिवाही जाणून घ्या

स्वस्त लेन्स पूर्ण उघड्या छिद्राला किंचित मवाळ असते. काळ्या केसांच्या वा चष्म्याच्या कडेला जांभळी-हिरवी झाक येऊ शकते. एफ/२.८च्या आसपास या दोन्ही गोष्टी बऱ्याच कमी होतात.

दुसरी अडचण फोकसची. एपीएस-सी कॅमेऱ्यावर ५० मि.मी.च्या लेन्सने एफ/१.८ला, दीड मीटरवरून, जेमतेम सहा सेंटिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. नाकाचा शेंडा स्पष्ट आणि डोळे धूसर, असा प्रकार त्यामुळेच घडतो. फोकसचा एकच बिंदू निवडून तो जवळच्या डोळ्यावर ठेवावा. नव्या मिररलेस कॅमेऱ्यांत डोळा ओळखणारी सोय असल्यास ती वापरावी. दोन माणसे असतील तर त्यांना एका रेषेत बसवून एफ/४ ठेवणे शहाणपणाचे.

जुनी लेन्स घेताना

प्राइम लेन्समध्ये हलणारे भाग कमी असल्याने जुनी लेन्स घेण्यास हरकत नाही. मात्र लेन्समधून आरपार टॉर्च टाकून पाहावा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी समजावी आणि कितीही स्वस्त असली तरी व्यवहार सोडून द्यावा. छिद्राच्या पाकळ्यांवर तेल नसावे. स्वतःच्या कॅमेऱ्यावर लावून जवळचा व दूरचा फोकस तपासावा. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात नव्या लेन्सलाही बुरशीचा धोका असतो. सिलिका जेलची पुडी घातलेला हवाबंद डबा आणि अधूनमधून वापर, हा त्यावरचा साधा उपाय. कपाटातील चामडी पिशवी मात्र टाळावी.

लेन्स हाती आली की आजोबांना खिडकीजवळच्या खुर्चीत बसवावे, घरातील दिवे व फ्लॅश बंद करावा, एफ/२.८ ठेवावे आणि त्यांना जुन्या दिवसांबद्दल बोलते करावे. घरातील वडीलधाऱ्यांचा एखादा नीट फोटो नव्हता, ही खंत बहुतेक घरांत फार उशिरा जाणवते. ती टाळण्यासाठी महागडी सामग्री लागत नाही. एक हलकी लेन्स आणि खिडकीतला उजेड पुरतो.