मृत साठ्यातले जिवंत मासे

मे महिन्यात औंढा नागनाथहून सिद्धेश्वर धरणाकडे गेलात, तर पाणी काठापासून बरेच मागे सरलेले दिसते. मध्ये भेगाळलेल्या गाळाचा पट्टा असतो. पावसाळ्यात काळ्या मातीमुळे गढूळ असलेले पाणी आता निवळून स्वच्छ झालेले असते. काठावर भोई मंडळी जाळी साफ करत बसलेली असतात. अशा वेळी मुलांची सहल नेली, तर एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, "गुरुजी, एवढ्या उन्हात मासे कुठे जातात?"

"खाली थंडाव्याला जातात," असे उत्तर आपण देऊन टाकतो. ते अर्धेच बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी दोनशे वर्षांचा इतिहास थोडा चाळावा लागतो.

प्रथम आपल्या धरणांकडे पाहू. पूर्णा नदी अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते आणि गोदावरीला मिळते. तिच्यावरची येलदरी आणि सिद्धेश्वर ही दोन्ही धरणे १९६८ साली पूर्ण झाली. येलदरीचा बांध परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यात असला, तरी जलाशयाचे पाणी सेनगाव तालुक्यालाही लागते. धरणे झाली तेव्हा हा सारा भाग एकाच परभणी जिल्ह्यात होता. हिंगोली जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी.

येलदरीची एकूण साठवणक्षमता सुमारे ९३४ दशलक्ष घनमीटर आहे. त्यांपैकी सुमारे १२५ दशलक्ष घनमीटर 'मृत साठा' आहे. सिद्धेश्वरमध्ये एकूण सुमारे २५१ पैकी उपयुक्त साठा अवघा ८१ च्या आसपास. म्हणजे दोनतृतीयांशांहून अधिक पाणी मृत साठ्यात मोडते. मृत साठा म्हणजे सर्वांत खालच्या विमोचकाच्याही खाली राहणारे, कालव्यात किंवा वीजकेंद्रात आपोआप न जाणारे पाणी. धरणात येणारा गाळ साठायला जागा हवी, म्हणून अभियंते हा हिशेब आधीच करून ठेवतात. त्यांच्या दृष्टीने हे पाणी 'मृत'. मात्र कडक उन्हाळ्यात जलाशयातला प्रत्येक मासा याच पाण्यावर जगत असतो.

आता खोलीचा प्रश्न. तळ्याच्या तळाशी पाणी किती थंड असते, हे मोजणे पूर्वी सोपे नव्हते. तापमापक वर ओढेपर्यंत पारा बदलून जाई. अठराव्या शतकात जिनिव्हाच्या द सोस्यूर या निसर्ग-अभ्यासकाने त्यावर युक्ती काढली. तापमापकाला उष्णता सहज न शिरणारे जाड आवरण द्यायचे, तो कित्येक तास खोल पाण्यात ठेवायचा आणि मग झटकन वर घ्यायचा. पुढे फ्रान्स्वा-आल्फाँस फोरेल यांनी त्याच जिनिव्हा सरोवरावर १८९२ ते १९०४ या काळात तीन खंडांचा ग्रंथ लिहिला आणि सरोवरविज्ञान ही शाखा उभी राहिली. त्याच सुमारास, १८९७ मध्ये, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनचे एडवर्ड बर्ज यांनी एक नवा शब्द वापरला : थर्मोक्लाइन. उन्हाळ्यात सरोवराचे वरचे पाणी तापून हलके होते व वरच राहते, तळाचे थंड पाणी जड असल्याने खाली राहते. या दोन थरांच्या मध्ये तापमान झपाट्याने उतरते, तो पट्टा म्हणजे थर्मोक्लाइन.

थंडावाच हवा असेल, तर मासे सरळ तळाशी का जात नाहीत? याचे उत्तर रसायनशास्त्राने दिले. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजण्याची सोपी रीत बुडापेस्टच्या विंकलर यांनी १८८८ मध्ये शोधली होती. ती वापरून बर्ज आणि त्यांचे सहकारी ज्यूडे यांनी विस्कॉन्सिनची कितीतरी तळी तपासली आणि १९११ मध्ये निष्कर्ष मांडले. अनेक तळ्यांत उन्हाळ्यात थर्मोक्लाइनच्या खाली ऑक्सिजन जवळजवळ संपलेला होता. वरून पडलेले सेंद्रिय द्रव्य तळाशी कुजते, कुजताना ऑक्सिजन खर्च होतो, आणि थरांची सरमिसळ होत नसल्याने वरून नवा येत नाही. आज अमेरिकेत खोल, स्वच्छ तळ्यांवर बास नावाचा मासा गळाने पकडणारे शौकीन उन्हाळ्यात आधी थर्मोक्लाइन कुठे आहे ते शोधतात. त्याच्या खाली गळ सोडणे बहुधा फुकट जाते. मासा ऊन आणि घुसमट यांच्या मधल्या पट्ट्यात असतो.

हे थंड देशांचे झाले. आपल्याकडे तळाचे पाणी तितके गार नसते; मग थर बनतात का? इथे पाण्याचा एक गुणधर्म लक्षात घ्यावा. ४ वरून ५ अंश सेल्सिअसला जाताना पाण्याची घनता जेवढी घटते, त्याच्या सुमारे ३७ पट ती २९ वरून ३० अंशाला जाताना घटते. त्यामुळे उष्ण प्रदेशात दोन-तीन अंशांचा फरकही थर बनवू शकतो. पण हे थर टिकाऊ नसतात. दख्खनच्या जलाशयांवर उन्हाळी वारे पाणी घुसळतात. शिवाय धरणाच्या खालच्या दारांतून पाणी सोडले की खालचा थरच निघून जातो. येलदरीला जलविद्युत केंद्र आहे, तेव्हा तिथेही पाणी खालून उचलले जाते. म्हणून आपल्याकडे मासा नेमका किती खोल, याचे उत्तर रोज बदलते. वारा पडला, पाणी तापले, तर मासे पहाटे काठाकडे आणि दुपारी खोल जातात, हे भोई मंडळींना पुस्तकावाचून ठाऊक असते.

तापलेल्या पाण्यात ऑक्सिजनही कमी मावतो. २० अंशाला एका लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशाला साडेसातच्या आसपास. पाणी कमी, उष्ण आणि ऑक्सिजनला तोकडे. त्यात सारे मासे मृत साठ्याच्या डबक्यात एकवटलेले. जाळे टाकायला याहून सोपी वेळ नाही. आणि खरा प्रश्न इथेच उभा राहतो. हे मासे संपले, तर पुढचे येणार कुठून?

नदी वाहती होती तेव्हा हा प्रश्न नव्हता. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दख्खनच्या नद्यांतले मासे गोळा केले आणि १८३९ च्या सुमारास त्यांची वर्णने छापली. त्याने कितीतरी माशांना लोकांच्या तोंडची मराठी नावेच शास्त्रीय नावे म्हणून दिली. 'मिस्टस सीन्गटी' हे नाव ऐकले की आपली शिंगटी आठवते! हे मासे पुरात वर चढत, वाहत्या पाण्यात अंडी घालत.

धरणात मात्र आज बाजाराला मुख्यतः कटला, रोहू आणि मृगळ लागतात. त्यांचे वर्णन १८२२ साली हॅमिल्टनने गंगेच्या माशांवरील ग्रंथात केले होते. हे मासे साठलेल्या पाण्यात वाढतात झपाट्याने, पण तिथे अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळी पुराचे वाहते पाणी लागते. त्यामुळे एके काळी त्यांचे बीज बंगालच्या नद्यांतून गोळा करून रेल्वेने दूरदूर पाठवावे लागे. वाटेत पुष्कळ मरे आणि त्यात नको त्या माशांचे बीजही मिसळलेले असे.

ही अडचण सुटली ती १० जुलै १९५७ रोजी, ओडिशातल्या अंगुल इथे. अर्जेंटिनाचे ऊसे यांनी १९३० मध्ये माशाच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचण्याचे प्रयोग केले होते, आणि त्यानंतर ब्राझीलमध्ये त्या रीतीने मासे विणवले गेले होते. हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी ती भारतीय कार्पवर यशस्वी केली. पक्व माशाच्या मेंदूखालची ही ग्रंथी काढायची, वाटायची आणि तिचा अर्क प्रजननक्षम नर-मादीला टोचायचा. पुराने जो निरोप मिळायचा, तो अर्कातून मिळतो. या दिवसाच्या स्मरणार्थ १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. अकरा वर्षांनी येलदरी-सिद्धेश्वर पूर्ण झाली, तेव्हा मत्स्यजिरे आणि बोटुकली तयार करण्याची विद्या हाताशी होती.

पण विद्या हाताशी असली, तरी सारे साधले असे नाही. पूर्णेवर येलदरीच्या वर, बुलढाणा जिल्ह्यात खडकपूर्णा धरण झाले. त्यामुळे वरचा पूर आधी तिथे अडतो. वाहत्या पाण्यात विणणाऱ्या नदीच्या जुन्या माशांची वाट त्यामुळे आणखी अवघड झाली. सोडलेल्या बीजाचे मासे व्हायलाही वेळ द्यावा लागतो. उन्हाळ्यात बारीक आसाचे जाळे फिरवले की वाढीला लागलेली बोटुकली आणि गाभोळीने भरलेली शिंगटी एकाच वेळी वर येतात. एका दिवसाची पाटी भरते आणि पुढचे वर्ष रिकामे जाते. दुष्काळात गावांची तहान भागवायला मृत साठ्यालाही हात घालावा लागतो. तो घालताना त्या पाण्यावर मासे आणि मासेमार कुटुंबे दोन्ही अवलंबून आहेत, हे हिशेबात धरले पाहिजे.

शेवटी एक प्रयोग. १८६५ साली आन्जेलो सेक्की या इटालियन शास्त्रज्ञाने समुद्राची स्वच्छता मोजण्यासाठी पांढरी तबकडी पाण्यात सोडली होती. आपणही वीस सेंटिमीटर व्यासाची पांढरी ताटली घ्यावी, तिला दगडाचे वजन आणि गाठी मारलेली दोरी बांधावी. होडीतून किंवा धक्क्यावरून, जाणत्या माणसाला बरोबर घेऊन, ती सावकाश सोडावी. दिसेनाशी होते ती खोली लिहावी. ऑगस्टात, जानेवारीत आणि मेमध्ये मोजावे. आकडे का बदलले, हे मुलांनाच विचारावे. अगदी निवळशंख पाणी म्हणजे भरपूर मासे, असा निष्कर्ष कुणी काढला, तर त्याला विचारावे : माशांचे खाद्य असलेले सूक्ष्म जीव पाण्यात भरपूर असते, तर ताटली इतकी खोल दिसली असती का?

आणि त्याच वेळी काठावरच्या भोई काकांना विचारावे, आज मासा किती हातांवर आहे. त्यांचे उत्तरही वहीत, आकड्यांच्या शेजारीच लिहावे.