तारेचा एल्म

ऑक्सफर्डशायरातल्या लाँग विटनम या खेड्यात पेंडन नावाचं संग्रहालय आहे. व्हाइट हॉर्स खोऱ्याचा १९२०-३०च्या दशकांतला देखावा तिथे एका फुटाला चार मिलिमीटर, म्हणजे साधारण १:७६ या प्रमाणात उभा केला आहे. गवती छपरांची घरं, शेतं, झुडपांची कुंपणं, आणि त्यांमधून धावणारी रेल्वे. रॉय इंग्लंड हा तरुण १९२५ साली ऑस्ट्रेलियातून इकडे आला तो रेल्वेच्या ओढीने. पण जुनी खेडी डोळ्यांदेखत बदलताना पाहून ती जशीच्या तशी राखण्याचा ध्यास त्याने घेतला. (हे आडनाव कादंबरीत आलं असतं, तर मला ते अतिच वाटलं असतं.) १९५४ साली संग्रहालयाची सुरुवात झाली.

घराला फूटपट्टी लावता येते. झाडाला कशी लावायची? रेल्वेच्या छोट्या प्रतिकृतींत झाड हा बराच काळ उरकून टाकायचा भाग होता. हिरवं रंगवलेलं दगडफूल चिकटवलं की झालं. आपण मसाल्यात घालतो त्याच जातकुळीतलं. मग फोमचा रंगीत चुरा आला. पण नीट काम करणारे विजेच्या वायरमधल्या बारीक तांब्याच्या तारांकडे वळले. चाळीस-पन्नास तारांची जुडी पिळली की खोड होतं. वर जाताना तिचे भाग करत फांद्या काढायच्या, त्यांच्या उपफांद्या, आणि टोकाला उरते एकच तार. एका पातळीवरच्या सगळ्या फांद्या एकत्र केल्या तर त्यांची जाडी खोडाइतकी भरते, असं लिओनार्दो दा विंचीने आपल्या वहीत नोंदवलं होतं. तारेचं झाड हा नियम आपोआप पाळतं, कारण खोडातली प्रत्येक तार कुठल्या ना कुठल्या टोकाला पोचतेच.

उंचीबाबत मात्र बहुतेकांचा धीर सुटतो. तीस मीटरचं झाड या प्रमाणात जवळजवळ चाळीस सेंटिमीटर होतं, आणि त्याच्याखाली आगगाडी खेळणं वाटू लागते. म्हणून पंधरा सेंटिमीटरवर थांबतात. मला ही तडजोड लबाडीची वाटते. गाडी झाडापुढे लहानच होती.

त्या खोऱ्यात, त्या काळात, असं उंच झाड म्हणजे मुख्यतः एल्म. कमरेत आवळल्यासारखा, ढगांवर ढग रचल्यासारखा त्याचा आकार. इंग्लिश एल्म बीजातून क्वचितच उगवतो. मुळांतून फुटलेल्या धुमाऱ्यांनी पसरतो. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनानुसार, रोमन लोकांनी द्राक्षवेलींना आधार म्हणून नेलेल्या एकाच झाडाच्या या सगळ्या प्रती. त्यामुळे साथ आली तेव्हा कुणाकडेच वेगळी प्रतिकारशक्ती नव्हती. १९६०च्या दशकाच्या अखेरीस उत्तर अमेरिकेतून आलेल्या लाकडाबरोबर बुरशीचा जहाल वाण ब्रिटनमध्ये शिरला. सालीखाली राहणाऱ्या भुंगेऱ्यांनी तो पसरवला, आणि अडीच कोटींहून अधिक एल्म गेले.

म्हणजे १९३०चं खोरं करणाऱ्याला एल्म टाळता येत नाही, आणि खिडकीबाहेर बघून करताही येत नाही. ब्रायटनसारखे अपवाद सोडले तर पूर्ण वाढलेलं झाड दुर्मीळ. मग जुने फोटो, पानगळीनंतरच्या आकृत्या, कॉन्स्टेबलने १८२१च्या सुमारास रंगवलेलं एल्मचं खोड, इतक्यावर भागवायचं. सालीसाठी गोंदात कालवलेलं प्लास्टर. पान मिलिमीटरभराचं, आणि हिरव्यात थोडा राखाडी रंग, कारण लांबच्या झाडापुढे हवेचा पडदा असतो.

अनुवाद करताना मला एल्मसाठी ‘वावळ’ हा शब्द खुणावतो. कूळ एकच. पण वावळ म्हटलं की मराठी वाचकाला ओढ्याकाठी चकत्यांसारख्या फळांनी लगडलेलं आपल्याकडचं झाड दिसणार, म्हणून मी ‘एल्म’च ठेवते. हिमालयातला एल्म मात्र थेट या गोष्टीत आहे: रोगाला तोंड देणारे वाण घडवताना डच संशोधकांनी त्याच्याशी संकर केले.

इंग्लंडातल्या कुंपणांत जुन्या मुळांतून एल्मचे धुमारे अजून फुटतात. पाच-सहा मीटर वाढून साल जाड झाली की भुंगेरे त्यांना शोधून काढतात. आजचं खोरं १:७६मध्ये करायचं तर एल्म सात सेंटिमीटरवर थांबवावा लागेल, आणि तोही कुंपणातच.