सभापतींच्या आसनासमोर

13 नोव्हेंबर 1927. तुम्ही अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात मागच्या रांगेत अंग चोरून बसला आहात. वऱ्हाडच्या खेड्यापाड्यांतून माणसं आली आहेत. कोणी चालत, कोणी बंडीतून, कोणी मूर्तिजापूरला गाडी बदलून. समोर 36 वर्षांचे बॅरिस्टर आंबेडकर अध्यक्षस्थानी आहेत. विषय अंबादेवीच्या देवळाचा. आम्हा अस्पृश्यांना आत जाता येईल की नाही, आणि येत नसेल तर सत्याग्रह करायचा की नाही. विलायतेहून शिकून आलेले पंजाबराव देशमुख या मागणीच्या बाजूनं उभे आहेत, ही बातमी रांगारांगांतून फिरते आहे.

शेजारचा म्हातारा तुमच्याकडे वळतो. "कोन्या गावचे जी तुमी?"

तुम्ही दारापूर सांगता. तो मान हलवतो. दर्यापूरकडचं गाव, त्याला ठाऊक आहे. ज्या माणसासाठी तुम्ही हे नाव घेतलंत, तो जन्मायला मात्र अजून दोन वर्षं आहेत.

म्हणून दोन वर्षं पुढे सरका. मूर्तिजापूरहून शकुंतलेत बसा. ही अरुंद रुळांची गाडी धूर सोडत कपाशीच्या शेतांमधून निघते. दर्यापूरला उतरून बंडीनं दारापूर गाठा. तारीख 30 ऑक्टोबर 1929. हा खारपाणपट्टा. विहिरीला पाणी लागतं, पण ते तोंडात धरवत नाही आणि पिकालाही चालत नाही. काळी जमीन, तूर, ज्वारी, कपाशी, आणि सगळी भिस्त पावसावर. वेचणीचे दिवस आलेत. सूर्यभान गवईंच्या घरी मुलगा झाला आहे. त्याचं नाव रामकृष्ण. पुढे अख्खं वऱ्हाड त्याला दादासाहेब म्हणेल. आज त्या घरासमोर थांबून तुम्हाला कोणी काही सांगणार नाही, कारण सांगण्यासारखं अजून काही घडलेलंच नाही.

मधली वर्षं भराभर उलटू द्या. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरच्या मैदानात बाबासाहेब दीक्षा घेतात आणि देतात. दोन महिने होत नाहीत तोच ते जातात. 1957 मध्ये रिपब्लिकन पक्ष उभा राहतो. डिसेंबर 1964 मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह पेटतो, देशभरातले तुरुंग भरतात. त्याच 1964 साली रा. सू. गवई महाराष्ट्राच्या विधान परिषदेत पोचतात. अमरावतीत फ्रेझरपुऱ्याच्या वस्तीतलं घर त्यांच्या पत्नी कमलताई सांभाळतात. गवई सतत दौऱ्यावर आणि घरात कार्यकर्त्यांचा राबता.

आता मुंबईत या, 1968 मध्ये. विधिमंडळ अजून रीगल सिनेमाजवळच्या जुन्या दगडी इमारतीत भरतं. कधीकाळी तिथं खलाशांचं वसतिगृह होतं. परिषद आहे 78 जणांची. हे सभागृह विसर्जित होत नाही. दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात आणि नवे येतात. वरच्या आसनावर वि. स. पागे आहेत. रोजगार हमीची कल्पना ज्यांनी रुजवली, तेच पागे. पाणी आणि काम यांच्यासाठी झुरणाऱ्या गावांचं दुखणं या सभागृहात ज्यांना नीट कळत होतं, त्यांतले दोघं अशी एकाखाली एक बसलेली दिसतात. कारण त्याच वर्षी गवई उपसभापती होतात. पुढची दहा वर्षं पागे सभापती आणि गवई उपसभापती, अशी ही जोडी चालते.

गॅलरीतून नीट पाहा. पागे नसतात तेव्हा गवई त्या वरच्या आसनावर बसतात. सभापतीच्या आसनावर बसलेल्या माणसाला बोलण्याची सोय नसते. तो चर्चेत उतरत नाही. दोन्ही बाजूंची मतं समसमान पडली तरच त्याला मत देता येतं. त्याच्या हाती एकच गोष्ट असते: कोणाला बोलू द्यायचं, किती वेळ, आणि कोणाला खाली बसवायचं. ज्या समाजाला गावच्या चावडीवर बाहेर उभं ठेवलं जाई, त्या समाजातला माणूस इथं बोलण्याची परवानगी देतो आहे. जमीनदारांचे वारस, साखर कारखान्यांचे अध्यक्ष, नामांकित वकील उठून त्याच्याकडे पाहून 'सभापती महोदय' म्हणतात आणि तो मान हलवेपर्यंत थांबतात.

लोक म्हणतील, ही खुर्ची त्यांना काँग्रेसशी जुळवून घेतल्यामुळे मिळाली. ते खरंच आहे. 1967 मध्ये गायकवाड आणि यशवंतराव चव्हाणांमध्ये समझोता झाला, पक्ष फुटला, गटांची नावं माणसांवरून पडली. गवई गट, खोब्रागडे गट. चळवळीतल्या अनेकांना हा समझोता खुपला. त्यांचा राग मी हलका मानत नाही. पण मूठभर आमदारांच्या पक्षातून परिषदेत शिरायचं तर मोठ्या पक्षाशी बोलावंच लागतं, आणि बोलणी करणं हेही कसब आहे. गवईंनी ते कसब वापरून काय केलं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

ते पाहायला 27 जुलै 1978 ला या. बाहेर पाऊस आहे. गवई आता स्वतः सभापती आहेत, पागे त्याच वर्षी निवृत्त झालेत. शरद पवारांचं सरकार येऊन दहा दिवसही झालेले नाहीत. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव आज दोन्ही सभागृहांत मंजूर होतो, एकमतानं. ज्या सभागृहाचे ते प्रमुख आहेत, त्या सभागृहानं बाबासाहेबांच्या नावाला होकार दिला आहे. या दिवशी टाळ्या वाजवण्याचा हक्क सगळ्यांना आहे, सभापतीला मात्र नाही.

तुम्हाला पुढचं माहीत आहे, म्हणून बाकीच्यांचा आनंद बघवत नाही. काही दिवसांत मराठवाड्यात घरं जळतील. पोचीराम कांबळेंसारखी माणसं मारली जातील. 1979 मध्ये जोगेंद्र कवाडे नागपूरहून औरंगाबादकडे लाँग मार्च नेतील. आणि नाव प्रत्यक्ष लागायला, तेही विस्तार म्हणून, 14 जानेवारी 1994 उजाडेल. गवईंची परिषदेतली तीस वर्षं संपायचं सालही 1994 हेच. ठराव एका दिवसात होतो आणि त्याची अंमलबजावणी एका माणसाच्या निम्म्या कारकिर्दीएवढी लांबते, हे सभागृहात बसून दिसत नाही.

आसनावरून पुढचा काळ बघा. मुख्यमंत्री वसंतदादा, मग पवार. फेब्रुवारी 1980 मध्ये सरकार बरखास्त होऊन राष्ट्रपती राजवट येते, विधानसभा विसर्जित होते. परिषद तशीच राहते आणि तिचे सभापतीही. मग अंतुले, मग बाबासाहेब भोसले. एप्रिल 1981 मध्ये नरिमन पॉइंटच्या नव्या विधान भवनाचं उद्घाटन इंदिरा गांधींच्या हस्ते होतं. चार वर्षांच्या आत चार मुख्यमंत्री आणि दोन इमारती, पण आसनावर एकच माणूस. 1982 मध्ये गवई खाली उतरतात.

मला सगळ्यात भावतो तो प्रसंग त्यानंतरचा आहे. 1986 मध्ये या. गवई आता विरोधी पक्षनेते आहेत. आता तेच उठून उभे राहतात आणि आसनाकडे पाहतात. तिथं जयंतराव टिळक आहेत, लोकमान्यांचे नातू. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते श्रीधरपंतांचे चिरंजीव. तेच श्रीधरपंत, ज्यांनी 1928 च्या एप्रिलमध्ये टिळकांच्या गायकवाड वाड्यात समता संघाची शाखा काढली, आंबेडकरांना मित्र मानलं, आणि पुढच्याच महिन्यात आपलं आयुष्य संपवलं. त्यांचा मुलगा सभापती आणि दारापूरच्या सूर्यभानांचा मुलगा समोर बोलण्याची वेळ मागतो आहे. बाकीच्यांसाठी तो कामकाजाचा रोजचा दिवस असेल. तुम्ही मात्र इंद्रभुवनमधून इथवर आला आहात. अंबादेवीच्या दारात अडवलेल्यांचा आणि गायकवाड वाड्याच्या दाराशी झगडलेल्याचा, असे दोन्हीकडचे वारस एकाच नियमानं वागताना तुम्ही पाहता आहात.

आता मार्च 1998, पुन्हा अमरावती. मतमोजणी चालू आहे. चौकात निळे झेंडे. चहाच्या टपरीवर कोणीतरी ओरडतो, "अकोल्याचंबी निघालं बाप्पा!" काँग्रेसशी आघाडी करून रिपब्लिकन पक्षाचे चौघं उभे होते: अमरावतीत गवई, अकोल्यात प्रकाश आंबेडकर, चिमूरला जोगेंद्र कवाडे, मुंबईत रामदास आठवले. चौघंही निवडून येतात. आणि चारही मतदारसंघ खुले आहेत, एकही राखीव नाही. बाबासाहेब स्वतः मुंबईत 1952 मध्ये आणि भंडाऱ्यात 1954 मध्ये लोकसभेला हरले होते. माझ्या मते सभापतीच्या आसनापेक्षा हा निकाल मोठा आहे. आसन आमदारांच्या संमतीनं मिळतं. इथं कुणबी, माळी, मुसलमान, बौद्ध अशा सगळ्यांच्या मतांची बेरीज जमावी लागली.

तेरा महिन्यांनी, 17 एप्रिल 1999 ला, वाजपेयी सरकार 269 विरुद्ध 270 अशा एका मतानं पडतं. लोकसभा विसर्जित होते. नव्या निवडणुकीत अमरावती शिवसेनेकडे जाते, अकोला प्रकाश आंबेडकर राखतात. गवईंना पुढे राज्यसभा मिळते, 2006 मध्ये बिहारचं राज्यपालपद आणि 2008 मध्ये केरळचं. तिथं 2009 मध्ये मंत्रिमंडळाचा सल्ला बाजूला ठेवून त्यांनी मार्क्सवादी नेते पिनराई विजयन यांच्यावर खटला भरायला परवानगी दिली. त्यावरून केरळात वादळ उठलं, आणि पुढे न्यायालयानं विजयन यांना त्या खटल्यातून मुक्तही केलं. त्या निर्णयावर दोन मतं आजही आहेत. 25 जुलै 2015 ला नागपुरात दादासाहेब गेले. मे 2025 मध्ये त्यांचे चिरंजीव भूषण गवई देशाचे सरन्यायाधीश झाले, तेव्हा दारापूरचं नाव दिल्लीच्या वर्तमानपत्रांत छापून आलं.

2009 पासून अमरावती लोकसभा अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. 1998 मध्ये खुल्या जागेवर जे घडलं, ते पुन्हा घडवून दाखवायला तिथं आता संधीच नाही. अकोला अजून खुला आहे.