नाव आणि आकडा

‘वीरगळ’ हा शब्द आपण मराठी म्हणून वापरतो, पण तो कानडीतून आलेला आहे. ‘कल्लु’ म्हणजे दगड. वीराचा दगड तो ‘वीरगल्लु’. बेंगळुरूत महादेवपुऱ्याला राहायला आल्यापासून मी हा शब्द त्याच्या मूळ रूपात ऐकतो, आणि दोन्ही मुलखांतल्या दगडांमधला एक फरक मला जाणवत राहतो.

महाराष्ट्रात मारुतीच्या पाराशी नाहीतर शिवालयाच्या आवारात वीरगळ उभे असतात. खालच्या चौकटीत लढाई, त्यावर वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्रसूर्य. सगळे सांगून होते, नाव तेवढे राहते. बहुतेक वीरगळांवर लेखच नाही. कर्नाटकात मात्र लेख असलेले वीरगळ पुष्कळ. बेंगळुरूच्या दक्षिणेला बेगूरच्या देवळात इ. स. 890च्या सुमाराचा जुन्या कानडीतला लेख आहे. नागत्तराच्या घरचा बुट्टणशेट्टी ‘बेंगळुरूच्या लढाईत’ पडला, असे तो सांगतो. या शहराच्या नावाचा हा सर्वांत जुना ज्ञात उल्लेख, आणि तो एका पडलेल्या माणसाची आठवण ठेवताना झालेला आहे.

त्यानंतर हजार वर्षांनी राज्य करणाऱ्या इंग्रजांकडे कारकून होते, हजेरीपट होते. तरी पहिल्या महायुद्धानंतर त्यांनी आपल्या गावांत ज्या पाट्या बसवल्या, त्यांवर बहुधा आकडेच आहेत: या गावातून इतके गेले, त्यांतले इतके कामी आले. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाचे 46 जवान त्या युद्धात गेले; हे गाव आजही ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणून ओळखले जाते.

मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात तीन मराठा पलटणी होत्या. 29 एप्रिल 1916 रोजी तिथल्या फौजेने उपासमारीने शरणागती पत्करली. त्या आघाडीवरच्या मृतांसाठी 1929 साली बसऱ्याला स्मारक झाले. त्यावर गोऱ्या शिपायांची नावे कोरली, हिंदी अंमलदारांचीही कोरली. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणवार नुसता आकडा लिहिला. हे स्मारक सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने 2021 साली आपल्याच कारभाराची चौकशी प्रसिद्ध केली. आशिया-आफ्रिकेतल्या किमान 1,16,000 मृतांची नावे नोंदली गेली नाहीत, किंवा त्यांचे स्मरणच झाले नसावे, असे तीत निघाले. आयोगाने माफी मागितली.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत ही रीत बदलली होती. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी इटलीत पडले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची कबर नाही, पण कसिनोच्या स्मारकावर त्यांचे नाव आहे, आणि ज्यांना कोणतेच पदक मिळाले नाही अशा हिंदी शिपायांचीही नावे तिथे आहेत.

बसऱ्याच्या दगडाने गाळलेली नावे कुठेच नाहीत, असे मात्र नाही. पहिल्या महायुद्धाच्या चांदीच्या पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असे. पुष्कळ घरांत ती पदके अडीनडीला सोनाराकडे गेली. आपल्या घरच्या पेटीत एखादे उरले असेल, तर राजाचा मुखवटा पाहून ते परत ठेवू नका. कडा उजेडात धरून वाचा, आणि तिथले नाव कागदावर उतरवून ठेवा.