क्लेशाची वाट आणि गौरव

ख्रिस्ती धर्माकडे बाहेरून पाहणाऱ्यास एक गोष्ट सहसा चमत्कारिक वाटते. ज्याला हे लोक देवाचा पुत्र म्हणतात, त्याची खूण म्हणून त्यांनीं सिंहासन निवडलें नाहीं. रोमन सरकार गुन्हेगारांस ज्यावर टांगून मारीत असे, तो क्रूस निवडला. लूकच्या शुभवर्तमानाच्या अखेरीस अम्माऊस गांवच्या वाटेवरची कथा आहे. गुरूच्या मरणानें खचलेले दोन शिष्य चालले असतां उठलेला ख्रिस्त त्यांस अनोळखी वाटसरू म्हणून भेटतो आणि समजावून देतो कीं, मसीहाच्या गौरवाची वाट दुःखांतूनच जाणार होती. तेव्हांपासून हा प्रश्न विचारला जात आहे : दुःख आधीं आणि गौरव मागून, असा क्रम कां असावा?

आपल्याकडे दुःखाचीं दोन उत्तरें परिचयाचीं आहेत. एक कर्मविपाकाचें : दुःख हें पूर्वसंचिताचें फळ. दुसरें तपश्चर्येचें : देह झिजवावा आणि त्याच्या मोबदल्यांत सिद्धि मिळवावी. क्रूसाची कथा या दोहोंतही नीट बसत नाहीं. तेथें सोसणारा निरपराधी आहे, म्हणून तें दुःख त्याच्या कर्माचें फळ नव्हे. आणि तो स्वतःसाठीं कांहीं मिळवावयास निघालेला नाहीं, म्हणून तें तपही नव्हे. ख्रिस्ती मताचा सरळ अर्थ असा दिसतो कीं, प्रेम हें जेथें दुःख असेल तेथें जातें, आणि तेथें गेलेल्यास त्याचा वाटा उचलल्यावांचून राहतां येत नाहीं. गौरव हें त्या दुःखाचें वेतन नसून त्याच प्रेमाचें उघडें झालेलें रूप आहे.

हें केवळ तत्त्वज्ञान नव्हे. सातारा आणि सांगली या आपल्या परिचित मुलखांतच त्याची पारख झालेली आहे.

सर विल्यम वानलेस हे कॅनडांत जन्मलेले डॉक्टर १८८९ सालीं हिंदुस्थानांत आले. प्रारंभीं त्यांनीं सांगलीस दवाखाना चालविला. पुढें मिरजेस मुक्काम हलविला आणि १८९४ सालीं तेथें रुग्णालय उघडलें. जवळजवळ चाळीस वर्षें त्यांनीं तेथें शस्त्रक्रिया केल्या, देशी तरुणांस वैद्यकाचें शिक्षण दिलें, कुष्ठरोग्यांस आश्रय दिला. सांगली-मिरजेच्या दरम्यान क्षयरोग्यांसाठीं आरोग्यधाम उभें राहिलें, आणि त्या वस्तीस वानलेसवाडी हें नांव पडलें. १९२८ सालीं त्यांस सरकारनें ‘सर’ ही पदवी दिली. १९३३ सालीं ते वारले.

या चरित्रांत आपल्या प्रश्नास लागू पडणारी गोष्ट पदवीची नव्हे. ‘आज सोसा, उद्यां गौरव मिळेल’ असें दुःखितास सांगून मोकळें होणें फार सोपें आहे, आणि धर्मोपदेशकांनीं वेळोवेळीं तसें केलेंही आहे. मालकानें मजुरास आणि सासरानें सुनेस हाच उपदेश केला म्हणजे धर्म जुलमाचा चाकर बनतो. मिरजेच्या रुग्णालयांत खाटेवर पडलेल्यास असा उपदेश पुरेसा मानला गेला नाहीं. तेथें दुःख दूर करण्यासाठीं शस्त्र हातीं घेतलें गेलें. क्रूसाचा नियम दुसऱ्याचें दुःख तसेंच राहूं देण्यासाठीं नाहीं. दुसऱ्याचें हलकें व्हावें म्हणून आपलें वाढवून घेण्यासाठीं आहे. हा भेद नजरेआड झाला कीं, या शिकवणीचें विष होतें.

आतां साताऱ्याकडे वळूं. कविवर्य नारायण वामन टिळक यांनीं १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. पुढें अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशनमध्यें त्यांनीं वीसएक वर्षें काम केलें. ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी विभागाचें संपादकत्व त्यांच्याकडे होतें, कवि म्हणून महाराष्ट्रभर नांव होतें, तरुण बालकवींसारखे कवि त्यांच्या घरीं राहून गेले होते. लौकिक दृष्टीनें हा गौरवाचाच काळ. पण १९१७ सालीं त्यांनीं मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ति पत्करली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा सर्व ख्रिस्तभक्तांस तेथें सारखें स्थान असावें, हा त्यांचा हेतु होता. तुकोबांच्या अभंगांनीं आपणांस ख्रिस्ताच्या पायांशीं आणलें, असें ते मानीत. राज्यकर्त्यांच्या धर्मास जी सत्तेची छाया चिकटते, तिच्यांत उभा राहून कोणी क्रूसाची गोष्ट सांगूं लागला, तर ऐकणारास ती खरी वाटत नाहीं. रोमन बादशहा कॉन्स्टंटाइन यानें ३१३ सालीं ख्रिस्ती लोकांस अभय दिलें, तेव्हांपासून सिंहासनाची शोभा आणि प्रभूचा गौरव यांची अनेकदां गल्लत झालेली आहे. टिळकांनीं पन्नाशी उलटल्यावर ती सोय हातची सोडली.

आणि मिळालें काय? दोन वर्षेंही पुरीं झालीं नाहींत, तोंच ९ मे १९१९ रोजीं मुंबईस त्यांचें देहावसान झालें. दरबारही त्यांच्यामागें फार काळ टिकला नाहीं. ज्यास आपण यश म्हणतों, तें साताऱ्यास त्यांच्या वाट्यास आलें नाहीं.

येथें एक कठीण प्रश्न उरतो, आणि तो टाळून पुढें जातां येत नाहीं. टिळकांनीं आपला क्रूस स्वतः निवडला; पण त्याचें ओझें केवळ त्यांच्याच खांद्यावर पडलें काय? १८९५ सालच्या त्या बाप्तिस्म्यानें लक्ष्मीबाईंचा संसार मोडला. पति जिवंत असतां पतीस अंतरलेली स्त्री म्हणून त्यांस नातलगांच्या घरीं लहान मुलास घेऊन दिवस काढावे लागले. हें दुःख त्यांनीं मागितलें नव्हतें. त्याचें कारणही शत्रु नव्हता, धर्मनिष्ठ पतीच होता. पुढें त्या पतीकडे आल्या, तरी सोंवळें-ओंवळें लगेच सुटलें नाहीं. आपल्या मनाशीं झगडत, आपल्या पायांनीं चालत त्यांनीं १९०० सालीं बाप्तिस्मा घेतला. पतीच्या त्यागाचें कौतुक करितांना या सोसण्यास त्याचें केवळ एक परिशिष्ट मानणें हा अन्याय होईल. दुसऱ्यावर लादलेलें दुःख कोणत्याही ध्येयानें पवित्र होत नाहीं.

तथापि पुढें जें घडलें, तें विचार करावयास लावणारें आहे. टिळकांनीं ख्रिस्ताचें चरित्र ओंवीबद्ध करण्यास घेतलें होतें. ‘ख्रिस्तायन’ या त्या काव्याचे आरंभींचे दहा-अकरा अध्याय त्यांच्या हातून झाले आणि मृत्यूनें लेखणी थांबविली. शाळेंत शिक्षण न घेतलेल्या लक्ष्मीबाईंनीं पुढचे चौसष्ट अध्याय रचिले. म्हणजे ख्रिस्ताच्या जन्माच्या आनंदाचा भाग पतीस लाभला, आणि क्लेशाचा व क्रूसाचा भाग पत्नीच्या वाट्यास आला. जी सोसण्याची वाट स्वतः चालली होती, तिनेंच ती वर्णिली. त्यांच्या ‘स्मृतिचित्रें’ या आत्मचरित्राचा पहिला भाग १९३४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत गतदुःखाचा पाढा वाचण्यापेक्षां हंसूं अधिक आहे, आणि पतीच्या लहरींवर रोखठोक शेरे असूनही त्यांत कडवटपणा नाहीं. मराठी वाङ्मयांत त्या पुस्तकाचें स्थान अढळ आहे.

तें दुःख योग्य होतें, असें यावरून सिद्ध होत नाहीं. सिद्ध होतें तें इतकेंच कीं, दुःखानें लक्ष्मीबाईंचें मन कडू केलें नाहीं, आणि ज्यानें तें कडू होऊं दिलें नाहीं तें प्रेम दुःखाहून बळकट होतें. उठलेल्या ख्रिस्ताच्या हातांवर खिळ्यांचे वण तसेच राहिले होते, असें शुभवर्तमान सांगतें. गौरवानें ते वण पुसले नाहींत. शंकेखोर थोमास त्यांवरूनच आपला गुरु ओळखतां आला.