दक्षिणेचा हिशेब

अर्थशास्त्राच्या पुस्तकांत ‘सरकारी उपभोग खर्च’ असे एक रुक्ष पद भेटते. सरकार आपल्या नोकरांना जे पगार देते आणि रोजच्या कारभारासाठी ज्या वस्तू व सेवा विकत घेते, त्यांची बेरीज म्हणजे हा खर्च. सरकारी शाळेतील शिक्षकाचे वेतन त्यात येते. विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती येत नाही, कारण तिच्या मोबदल्यात सरकार काही घेत नाही. डेन्मार्कसारख्या छोट्या देशात हा खर्च गेली कित्येक दशके राष्ट्रीय उत्पन्नाच्या चतुर्थांशाच्या आसपास राहिला आहे. आपल्याकडे तो जेमतेम दहाव्या हिश्शाजवळ घुटमळतो. साहित्याच्या विद्यार्थ्याला हा प्रांत परका वाटेल. परंतु अव्वल इंग्रजीतील मराठी गद्याचा इतिहास वाचताना आम्हांला वारंवार जाणवते, की त्याचा एक धागा सरकारी खतावणीतून निघतो. तो धागा म्हणजे दक्षिणा.

विद्वान ब्राह्मणांना श्रावणात दक्षिणा वाटण्याची प्रथा तळेगावच्या सेनापती दाभाड्यांची. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत त्र्यंबकराव दाभाडे पडले आणि पुढे ही प्रथा पुण्यात पेशव्यांकडे आली. पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात हजारो ब्राह्मण जमत. त्यांतले विद्वान किती आणि नुसते जमलेले किती, याची चौकशी पुढे पुढे सैल होत गेली. हा पैसा अर्थातच रयतेच्या साऱ्यातून येई. १७३७ पासून १७७४ पर्यंत साष्टी बेट मराठ्यांकडे होते. म्हणजे आजच्या अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंडच्या जागी जी भातखाचरे होती, त्यांचा साराही याच राज्याच्या खजिन्यात जात होता. खाचरात राबणाऱ्याला रमण्यात मात्र प्रवेश नव्हता.

१८१८ मध्ये पेशवाई संपली तेव्हा दक्षिणेचा आकडा वर्षाला सुमारे पाच लाख रुपये होता. इंग्रजांनी तो पन्नास हजारांवर आणला. मुळातच तो बंद का केला नाही? एल्फिन्स्टन व्यवहारी गृहस्थ होता. नुकत्याच जिंकलेल्या मुलखात पुण्यातील ब्राह्मणवर्ग दुखावणे त्याला परवडणारे नव्हते. १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात जी संस्कृत पाठशाळा निघाली, तिच्यामागेही हाच हिशेब होता.

खरे वळण आले ते १८४९ च्या सुमारास. ‘प्रभाकर’मधून शतपत्रे लिहिणारे लोकहितवादी आणि त्यांचे तरुण सहकारी यांनी सरकारकडे अर्ज केला, की या निधीतून मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना, जात न पाहता, बक्षिसे द्यावीत. सनातनी पुणे खवळले. अर्ज देणाऱ्यांच्या रक्षणासाठी जोतीराव फुले माणसे घेऊन उभे राहिले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. अखेर दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वात आली आणि भाषांतरित व स्वतंत्र मराठी ग्रंथांना सरकारी पैशाचे पाठबळ मिळू लागले. याच निधीतील दक्षिणा फेलोशिपचा लाभ रानडे आणि भांडारकर यांना झाला. आमच्या मते हा बदल केवळ रकमेचा नव्हता. रमण्यात राजा दान देत होता आणि मोबदला पुण्याच्या रूपाने परलोकी मिळायचा होता. आता सरकार मोबदल्यात ग्रंथ मागू लागले, आणि तो ग्रंथ कोणालाही वाचता येणार होता.

‘कोणालाही’ हा शब्द मात्र आम्ही जरा घाईने लिहिला. १८५५ मध्ये फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून याच कमिटीकडे पाठवले. भटजी आणि कुणबी जोडपे यांच्या त्या नाटकाला कमिटीने नकार दिला. ही हकिकत फुल्यांनीच पुढे ‘गुलामगिरी’त नोंदवली आहे. निधीचे नियम बदलले होते, पण निवड करणारे हात तेच राहिले होते. रकमेच्या आकड्यांत हे कुठेच दिसत नाही.

म्हणूनच १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर आयोगापुढे फुल्यांनी दिलेले निवेदन आम्हांला सरकारी खर्चाविषयीचा मराठी माणसाने लिहिलेला पहिल्या प्रतीचा दस्तऐवज वाटते. महसूल शेतकऱ्याच्या घामाचा आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांसाठी, ही विसंगती त्यांनी रोखठोक मांडली आणि बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. आमचे पुष्कळ विद्यार्थी इथेच थांबतात, आणि प्रश्नपत्रिकाही. पण त्याच निवेदनात फुले असेही सांगतात, की सरकारने उच्च शिक्षणातून अंग काढून घेऊ नये. तसे झाल्यास शिक्षणाच्या प्रसाराला खीळ बसेल. ज्या खर्चातून आपल्या माणसांना वगळले गेले, तो बंद करा असे ते म्हणत नाहीत. तो आमच्यापर्यंत पोचू द्या, असे म्हणतात.

हा भाग आज वगळून वाचणे सोयीचे आहे. १९८३ नंतर महाराष्ट्रात विनाअनुदानित शिक्षणाचा विस्तार झाला; अनुदानित महाविद्यालयांतही निवृत्त प्राध्यापकाची जागा वर्षानुवर्षे रिकामी राहते आणि तासिका तत्त्वावर येणारा तरुण शिक्षक सकाळी अंधेरीला तर दुपारी मुलुंडला शिकवतो. भांडुपच्या चाळीतून येणारी, घरातली पहिलीच पदवीधर होऊ पाहणारी मुलगी मराठी विषय निवडते, तेव्हा तिच्या वर्गावर होणारा खर्च ‘अनुत्पादक’ ठरवला जातो. हा शब्द उच्चारणारे पुष्कळदा स्वतः अनुदानित वर्गांतून शिकलेले असतात.

राहता राहिले ‘तृतीय रत्न’. शतकाहून अधिक काळ ते अप्रकाशितच होते. १९६० मध्ये स्थापन झालेल्या राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाने १९६९ मध्ये ‘महात्मा फुले समग्र वाङ्मय’ काढले, आणि त्याच्या पुढच्या आवृत्तीत, सरकारी खर्चानेच, हे नाटकही छापले गेले.